घरी डिझेल साठवायचं तर नेमकं कसं? ट्रॅक्टरवाल्यांनी अनुभव सांगा

शिवारकर_अंबड
नमस्कार मंडळी. आमचं गाव अंबड तालुक्यात, जालना जिल्हा. जवळचा पंप १६ किलोमीटर. ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, घरची शेती आणि वरून भाड्याची कामं पण घेतो, त्यामुळं जूनमध्ये पाऊस पडून वापसा आला की ट्रॅक्टर दिवसरात्र चालतो आणि नेमकं तेव्हाच पंपावर रांग लागलेली असते, कधी लाईट नाही तर कधी टँकर आलेला नाही. गिऱ्हाईक बांधावर उभं आणि आपण कॅन घेऊन पंपावर, असं होतं. आता भाऊ म्हणतोय २०० लिटरचं बॅरल आणून घरीच ठेवू. आईचा सक्त विरोध आहे, ती म्हणते घरात लेकरं, बाजूला गोठा, गोठ्यावर कडबा, एवढं डिझेल घरात नको. मला दोघांचंही पटतं म्हणून इथं विचारतोय.
सध्या ३५ लिटरचे दोन कॅन ओसरीत पोत्याखाली असतात, गडी तोंडानं पाईप ओढून टाकीत सोडतो. बॅरल घेतलं तर पत्र्याचं घ्यावं का निळं प्लास्टिकचं, ठेवावं कुठं, किती दिवस टिकतं, आणि कायद्यात बसतं का, पोलीस वगैरे काही भानगड होते का? माहिती असेल त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही, पेरणीला अजून वेळ आहे.

संत्रा_नगरी
कायद्याचं मी सांगतो, माझं काम याच लायसन्सच्या कागदपत्रांचं आहे. आणि हे खातं म्हणजे पेसो (केंद्र सरकारचं पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं खातं), त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. त्यात फ्लॅश पॉइंटवरून वर्ग पाडलेत, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयार होते त्यावरून. २३ अंशाच्या खाली असेल तर अ वर्ग, पेट्रोल त्यात येतं. २३ ते ६५ च्या मधलं ब वर्ग, डिझेल यात. ब वर्गाचं एका ठिकाणी मिळून २५०० लिटरपर्यंत ठेवायला लायसन्स लागत नाही, फक्त कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नको. म्हणजे तुमचं २०० चं बॅरल आरामात बसतं भाऊ.
पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ही सूट स्वतःच्या वापरापुरती समजा, बॅरलमधून गावात बाटलीनं डिझेल विकायला लागलात तर ते वेगळं प्रकरण आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्यात गुन्हा होतो. दुसरं, पेट्रोलला हाच हिशोब लावू नका, त्याची मर्यादा फक्त ३० लिटर आहे आणि ते पत्र्याच्या भांड्यातच. फवारणी पंपासाठी पेट्रोल आणून डिझेलच्या शेजारी ठेवणारे लई लोक बघितलेत, ते दोन्ही एका जागी नकोच. पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते.
कधीकधी कलेक्टर ऑफिसचा आदेश निघतो, आंदोलन किंवा टंचाई असली की कॅनमध्ये देऊ नका म्हणून, तेव्हा पंपवाल्याशी वाद घालून उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नसतं. पंपाची पावती मात्र जपून ठेवा.

गॅरेज_माळेगाव
शिवारकर दादा, आमच्या गॅरेजला दरवर्षी जुलैमध्ये जे ट्रॅक्टर येतात ना धूर मारतोय, ओढत नाही, सुरूच होत नाही म्हणून, त्यातले बरेचसे डिझेलातल्या पाण्यानं आणि घाणीनं आलेले असतात. साठवायला माझा विरोध नाही, पण साठवताना पाणी आत जाणार नाही याची काळजी सगळ्यात आधी घ्या, आगीच्या काळजीइतकीच.
पाणी जातं कसं ते सांगतो. बॅरल उघड्यावर उभं ठेवलं की वरच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं, झाकणाला कड असते त्यामुळं ते तिथंच थांबतं. दिवसा ऊन लागून आतली हवा फुगते आणि बुचातून थोडी बाहेर जाते, रात्री गार पडलं की बॅरल हवा आत ओढतं आणि बुचावर पाणी असेल तर हवेऐवजी पाणी ओढतं. बूच किती घट्ट केलंय वाटलं तरी हे होतं. म्हणून उघड्यावर उभं ठेवायचंच नाही. शेड नसेल तर आडवं टाका आणि दोन्ही बुचं आडव्या रेषेत येतील असं फिरवून ठेवा, म्हणजे भरलेलं असताना बुचं आतून डिझेलात बुडालेली राहतात आणि बाहेरून पाणी साचत नाही.
दुसरं पाणी हवेतलं. बॅरल किंवा टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेतला दमटपणा रात्री पत्र्याला घाम येऊन खाली उतरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि मग त्या पाणी-डिझेलच्या मधल्या थरात बुरशी धरते. काळा चिकट गाळ दिसतो ना फिल्टरमध्ये, तो बऱ्याचदा हाच असतो, लोक म्हणतात पंपवाल्यानं भेसळ केली. म्हणून ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरा, सकाळी नको. भरलेल्या टाकीत हवा कमी म्हणजे घाम कमी.
बॅरल घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. औषधाचं, ॲसिडचं, रंगाचं बॅरल स्वस्तात मिळतं म्हणून आणू नका. जस्ताचा मुलामा दिलेलं म्हणजे गॅल्व्हनाईज्ड पिंप तर डिझेलला अजिबात नको, जस्त डिझेलात उतरतं आणि पुढं इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाला, चिकटतं. तांब्यापितळेचे नळ पण टाळा.

शिवारकर_अंबड
धन्यवाद माळेगावकर. मग साधं पत्र्याचं बॅरल का निळं प्लास्टिकचं? निळ्यात गंज नाही म्हणून भाऊ तेच म्हणतोय.

गॅरेज_माळेगाव
दोन्ही चालतात. निळं जाड प्लास्टिकचं असतं, गंजत नाही हे बरोबर, पण उन्हात ठेवलं तर काही वर्षांत तडकतं आणि गोठ्याजवळ असेल तर उंदीर कुरतडतात. आगीत तर वितळून सगळं डिझेल जमिनीवर येतं. शेड पक्की असेल तर निळं घ्या नाहीतर पत्र्याचं. मी स्वतः पत्र्याचं घेईन. पाणी साठवायचा पातळ ड्रम, तेलाचे रिकामे डबे असलं काही नको.
आणि काठोकाठ भरू नका. डिझेल तापलं की फुगतं, २० अंशाचा फरक पडला तर २०० लिटरमागं तीन लिटरच्या वर जागा लागते. मार्चमध्ये पहाटे भरलेलं बॅरल मे महिन्यात दुपारी बुचातून गळतं ते यामुळं.

दवाखान्यातली_ताई
इथं सगळे बॅरलबद्दल बोलताहेत पण मूळ प्रश्नात एक वाक्य आहे त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. दादा, गडी तोंडानं पाईप ओढतो असं तुम्ही लिहिलंय. ते आजपासून बंद करा, बॅरल नंतर आणा.
मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. डिझेल, रॉकेल असलं पातळ तेल तोंडात आलं की माणूस ठसकतो आणि ते पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात जातं. अगदी थोडं गेलं तरी फुप्फुसाला सूज येते, याला केमिकल न्यूमोनिया म्हणतात. पहिल्यांदा नुसता खोकला येतो, माणूस म्हणतो काही नाही झालं, चूळ भरून परत कामाला लागतो आणि काही तासांनी ताप, दम लागणं सुरू होतं. रात्री अकराला पेशंट येतो आणि घरचे सांगतात की सकाळी पाईप ओढताना थोडं तोंडात गेलं होतं.
असं झालंच तर उलटी करायला लावू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मिठाचं पाणी, दूध, लिंबू काही पाजू नका. उलटीत तेच डिझेल परत वर येऊन फुप्फुसात जातं. तोंड धुवायचं, अंगावर सांडलेले कपडे काढायचे, साबणानं धुवायचं आणि खोकला किंवा दम असेल तर लगेच दवाखान्यात, पोरगं असेल तर काही लक्षण नसलं तरी दवाखान्यात.
आणि घरात लेकरं आहेत म्हणता, तर कोल्ड्रिंकच्या बाटलीत डिझेल कधीच ओतून ठेवू नका. रंगावरून लहान पोराला काय कळणार. गावाकडं चूल पेटवायला, कुलपात टाकायला म्हणून अशी एक बाटली प्रत्येक घरात असते. आईंचं म्हणणं मला तरी बरोबर वाटतं, निदान राहत्या घरात नकोच.

काळी_माती_वर्धा
ताईनं लाख मोलाचं सांगितलं. हातपंप मिळतो जी बॅरलचा, बॅरलच्या मोठ्या बुचाला दोन इंची आटे असतात त्यात तो सरळ फिट बसते, हँडल फिरवलं की डिझेल येते. छोटं पाऊण इंची बूच तेव्हा थोडं ढिलं करायचं, हवा जायला पाहिजे, नाहीतर पंप ओढत नाही. काम झालं की परत घट्ट. १२ व्होल्टचे बॅटरीवरचे पंप पण आहेत, पण त्याचे चिमटे लावताना ठिणगी पडते, बॅरलपासून लांब लावा. मी हातपंपच वापरतो, त्याला बिघडायला काही नाही.
आगीचं सांगतो राजे हो. डिझेल पेट्रोलसारखं भडकन पेटत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. काडी टाकली तर विझते असं दाखवणारे पण असतात. पण तेच डिझेल कडब्यावर, पोत्यावर, कापसावर सांडलं तर वातीचं काम होते, मग पेटायला वेळ लागत नाही. आणि ट्रॅक्टरचा सायलेन्सर, मॅनिफोल्ड लोडवर चालून आल्यावर डिझेल आपोआप पेटेल त्याच्या कितीतरी वर तापलेला असते. दोन-अडीचशे अंशाला डिझेल ठिणगीशिवाय पेटते. म्हणून शेतात रोटावेटर चालू असताना डिझेल संपत आलं की चालू इंजिनात वरून कॅन ओतायचा प्रकार बंद करा. इंजिन बंद करा, न्यूट्रलला टाका, ब्रेक लावा, चहा घ्या, थोडं गार झाल्यावर ओता. रात्री असेल तर मोबाईलचा उजेड चालते, कंदील नाही. बिडीवाला माणूस लांब.
सांडलं तर पुसा. आग लागलीच तर पाणी मारू नका, डिझेल पाण्यावर तरंगून आग पसरवते. माती, वाळू, ओलं पोतं. शेडपाशी वाळूच्या दोन बादल्या आणि शक्य झालं तर पावडरवाला सिलेंडर ठेवा.
आणखी एक, हे कुणी लिहिलं नाही. बॅरल जुनं झालं की लोक त्याला गॅस कटरनं उभं कापून जनावराच्या पाण्याचं टाकं करतात. रिकाम्या बॅरलमध्ये वाफ असते, कटर लावला की बॅरल फुटते. आमच्या तालुक्यात वेल्डिंगच्या दुकानात असं होऊन एका पोराचा हात गेला. रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा धोक्याचं आहे हे पक्कं ध्यानात ठेवा.

निफाड_द्राक्षमळा
आमच्याकडचा एक वेगळा अनुभव. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा चांगलाच खाली येतो, काही सकाळी तर ५-६ अंशावर. उन्हाळ्यातलं उरलेलं डिझेल थंडीत वापरलं की पहाटे फिल्टरपाशी मेण धरल्यासारखं होतं, ट्रॅक्टर सुरू होऊन बंद पडतो. डिझेलचे उन्हाळी आणि हिवाळी निकष वेगळे असतात, उन्हाळ्यातलं डिझेल लवकर गोठायला लागतं. जालन्याला एवढी थंडी नसेल पण जेवढं लागतं तेवढंच साठवा, हंगाम संपला की बॅरल संपवा. पाच-सहा महिन्यांच्या वर मी तरी ठेवत नाही. आताच्या बीएस ६ डिझेलात बायोडिझेल पण थोडं मिसळलेलं असू शकतं, ते पाणी जास्त धरतं.

कालव्याकाठ_नेवासा
माझं मत जरा वेगळं आहे. साठवायचंच कशाला? २०० लिटर म्हणजे १८ हजारांच्या घरात पैसे अडकले, वरून चोरी. आमच्या भागात ऊस तोडणीच्या दिवसात रात्रीत टाकीतून डिझेल काढून नेतात, बॅरल तर सोपंच. पुण्यात २०१८ मध्ये डिझेलची घरपोच गाडी सुरू झाली, आता बऱ्याच भागात बाउझर येतात, चार-पाच ट्रॅक्टरवाले मिळून फोन केला की बांधावर येऊन टाकी भरून देतात आणि मीटरची पावती पण. आपल्या गावच्या ट्रॅक्टरवाल्यांनी एकत्र येऊन पंपवाल्याशी बोलून बघा.

शिवारकर_अंबड
बाउझरची चौकशी केली दादा, आमच्या रस्त्याला अजून येत नाही, आणि आलं तरी पावसात पांदण रस्त्यानं बांधापर्यंत येणं शक्य नाही, ट्रॅक्टरच कसाबसा निघतो. चोरीचं मात्र बरोबर आहे. कुलूपवालं झाकण टाकीला आणि बॅरलला दोन्हीला लावणार.
ताई, गड्याला काल सांगितलं. तो म्हणाला माझा बाप पण असंच ओढायचा. मी तुमचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा गप्प झाला, मग म्हणाला गेल्या वर्षी आठ दिवस खोकला होता त्याचं हे असेल का. पंप येईपर्यंत कॅनला नळ बसवून घेतलाय.
एक शंका, डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला की एअर (पाईपात शिरलेली हवा) काढायला मेकॅनिकच लागतो का? तेवढ्यासाठी पण दिवस जातो.

गॅरेज_माळेगाव
जुन्या पद्धतीच्या पंपाचा ट्रॅक्टर असेल तर स्वतः काढता येतो. टाकी भरा, फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, फीड पंपाची छोटी दांडी हातानं मारत राहा, आधी फेस येईल, बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेलची धार आली की स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर दोन्हीचा काढा. तरीही सुरू नाही झाला तर इंजेक्टरकडच्या पाईपचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारतात, पण तिथं बोट लावून बघायचं नाही, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.
नवीन ५० एचपीच्या वरचे, २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागले ते, बहुतेक कॉमन रेलचे आहेत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल देणारे. त्याच्या उच्च दाबाच्या पाईपला पाना लावूच नका, तिथं हजार बारच्या वर दाब असतो. आणि घाणेरडं डिझेल सगळ्यात महाग पडतं ते याच इंजिनांना, एक इंजेक्टर गेला तर बॅरलच्या किमतीला मागं टाकतो.
बॅरलमधून टाकीत भरताना टाकीच्या तोंडाची जाळी काढू नका, लोक लवकर भरावं म्हणून फोडून टाकतात. नरसाळ्यात जुन्या बनियनचं फडकं धरू नका, त्याचे धागे सुटतात. बारीक जाळीचं नरसाळं घ्या. झाकण उघडायच्या आधी भोवतीची माती फडक्यानं पुसा, पेरणीच्या दिवसात तिथं बोटभर धूळ असते आणि झाकण काढलं की पहिली तीच आत पडते.
बॅरल आणल्यावर एक दिवस हलवू नका, पाणी आणि घाण खाली बसू द्या. हातपंपाचा पाईप बुडाला टेकवू नका, दोन-तीन इंच वर ठेवा, तळाचं डिझेल वापरायचं नाही. आडवं बॅरल स्टँडवर ठेवून नळ लावत असाल तर नळाची बाजू किंचित उंच ठेवा, पाणी मागच्या बाजूला बसतं. मधूनमधून काचेच्या बरणीत थोडं काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते ट्रॅक्टरात घालू नका.

साता_समुद्रापार
मी इंग्लंडमध्ये शेती अवजारांच्या कंपनीत आहे, मूळ सांगलीचा. इथं शेतावर डिझेलची मोठी टाकी ठेवायची तर तिच्याभोवती अजून एक भिंत किंवा दुसरी टाकी लागते, आणि आतल्या टाकीच्या ११० टक्के मावेल एवढी तिची क्षमता पाहिजे, म्हणजे आतली पूर्ण फुटली तरी जमिनीत काही जात नाही. आपल्याकडं एका बॅरलसाठी विटांचा चार बाजूंनी बांध घालून आतून सिमेंट केलं तरी काम होतं. वर पत्रा हवा नाहीतर तो बांध पावसानं भरेल. डिझेल जमिनीत मुरलं की विहिरीच्या पाण्याला वास येतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही.

शिवारकर_अंबड
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला पण सगळं वाचून दाखवलं. ठरलं असं की घरात आणि गोठ्याजवळ नाही, मळ्यात वेगळी छोटी शेड, तीन बाजूंनी विटा, समोर जाळीचं दार आणि कुलूप, वर पत्रा. नवं पत्र्याचं बॅरल, हातपंप, वाळूच्या बादल्या. आत सिमेंटचा बांध २२० लिटरच्या वर मावेल एवढा. मे संपताना भरायचं आणि पेरणी उरकली की संपवायचं. जागा विहिरीच्या वरच्या अंगाला मोटर खोलीच्या मागं धरलीय, रस्त्यापासून दिसत नाही म्हणून.

काळी_माती_वर्धा
बाकी सगळं बरोबर, जागा बदला भाऊ. वरच्या अंगाला नको, काही सांडलं तर पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीतच उतरेल. आणि मोटर खोलीला चिकटून तर नकोच, स्टार्टरची ठिणगी, जळकी वायर, लाईट येते-जाते तिथं. खालच्या अंगाला, खोलीपासून चाळीस-पन्नास फूट तरी लांब धरा.

शिवारकर_अंबड
हो, हे डोक्यात आलं नव्हतं. खालच्या अंगाला बांधाजवळ खडकाळ पडीक तुकडा आहे, तिथं पीक पण येत नाही आणि ट्रॅक्टर पार मागं लावता येतो. गवंड्याला तीच जागा दाखवतो उद्या.